पान नऊ, ओळ चौथी

बिटको चौकातल्या माझ्या दुकानात
हेमलता गांगुर्डे आल्या तेव्हा
मी एका प्रिंटरच्या पोटात कोपरापर्यंत शिरलो होतो.
त्यांनी पोळ्यांच्या फडक्यातून काढली
एक साडेतीन इंची फ्लॉपी,
पत्र्याला कडेनं गंज,
लेबलवर निळ्या शाईत एकच शब्द: बबन.

चालेल का?
म्हटलं, मॅडम, हिला घालायला
आता मशीनला तोंडच नसतं.
त्या बसूनच राहिल्या.

भद्रकालीच्या भंगारवाल्याकडून
तीनशे रुपयांना ड्राइव्ह आणला.
तिसऱ्या दिवशी फ्लॉपी बोलली,
पहाटे नळावर घसा साफ करणाऱ्या
शेजाऱ्यासारखी,
खूप खाकरून, थोडंसंच.
एकशे ब्याऐंशी केबी.
हल्ली लग्नाची पत्रिका फोनवर येते
तिचा एक कोपराही एवढ्यात बसायचा नाही.

डबल क्लिक केलं.
हे ॲप आपल्या पीसीवर चालू शकत नाही.
नवी मशीनं किती अदबीनं नाही म्हणतात.
जुनी नुसती अडकायची,
आणि वर एक थाप मारली की चालायची.

मग मशीनच्या आत एक जुनं मशीन मांडलं.
खोटा प्रोसेसर, खोटी मेमरी,
खोटा सी ड्राइव्ह,
आणि त्या सगळ्या खोट्याला बजावलं,
तू त्र्याण्णव सालचा आहेस, पुढचं काही विचारू नकोस.

त्यानं ऐकलं.
काळ्या पडद्यावर भुयार, चार-पाच रंग,
एक पिवळा ठिपका, हातात किल्ली.
हाच बबन, त्या म्हणाल्या.
आमच्या बॉयलरकडचा फिटर. रोज किल्ल्या हरवायचा.

पण बबन पापणी लवायच्या आत
भिंतीवर आपटून मेला.
पुन्हा मेला.
नव्या वेगात जुन्या जिवाला वळायला वेळच नव्हता.
मी सायकल्स उतरवत गेलो,
दहा हजार, चार हजार, हजारच्याही खाली,
त्या पडद्याकडे बघत,
अजून कमी, अजून, हां.
एवढाच पळायचा. एक गुडघा गेलेला त्याचा.

तेवढ्यात खेळानं अडवलं:
पुस्तिकेतलं पान नऊ, ओळ चौथी, शब्द दुसरा?
चोरीची प्रत ओळखायची जुनी युक्ती.
म्हटलं, थांबा, याची पळवाट शोधतो,
तर त्यांनी टाइपही केलं होतं. लँटर्न.

बँकेचा ओटीपी बघेपर्यंत विसरते मी, त्या म्हणाल्या,
पण एकलहऱ्याच्या कंट्रोल रूममध्ये
चौघांत एकच झेरॉक्स होती.
दोनशे दहा मेगावॅटचा संच नीट चालला
की नाइट फार लांब व्हायची.
सगळी पुस्तिका पाठ झाली.
इंग्रजी माझं त्यातूनच सुधारलं,
म्हणजे कंदील, दोर, सावध, असलं.

चाळीस मिनिटं खेळल्या.
दोन गिऱ्हाइकं परत गेली.
पीसीच्या पोटातला तो जुना बीप
दुकानभर टोचत राहिला.

सातव्या तळाला किल्ली भिंतीत अडकली.
ही बनवणाऱ्याचीच चूक, त्या म्हणाल्या,
तेव्हाही इथेच अडकायची.
मी फाइल उघडून पाहिली.
एक आकडा चुकला होता, फक्त एक.
बदलू का?

त्यांनी चष्मा पुसला.
बबन निवृत्त झाला त्या दिवशी
त्याला नारळ देताना आम्ही म्हटलं होतं,
सातवा तळ राहिला बरं का.
राहू दे.

पाचशे सांगितले, साडेचारशे दिले,
आणि फडकं घडी घालून घेऊन गेल्या.

रात्री शटर अर्धं ओढून मी खेळून पाहिलं.
तिसऱ्याच तळाला गेलो.
शेवटी गुणांची यादी आली, सहा जणांची,
नुसती आद्याक्षरं.
चौथ्या नंबरवर एच पी जी.
बबनचं नाव कुठेच नाही.
पहिला कुणी के के के,
बाकीच्यांच्या दुपटीहून पुढे,
म्हणजे सातव्या तळाच्याही पलीकडे कुठेतरी.

कोण, ते विचारायचं राहिलं.
नंबर वहीत आहे त्यांचा.
पण प्रिंटर अजून उघडाच पडलाय,
आणि उद्या सकाळी शाळेला द्यायचाय.